नाही आलं की विचारलंच नाही?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य वह्या तपासण्यात गेलं. म्हणून मीही आज एका तपासलेल्या कागदापासून सुरुवात करते. हा बघा. पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. बुद्धिमापन चाचणीची ही नोंदपत्रिका आहे आणि ती मी स्वतः तपासलेली आहे. मुलाचं नाव मी झाकून ठेवलंय, ते झाकलेलंच राहील. गाव तेवढं सांगते : मणिबेली.

नंदुरबारात मणिबेली कुठे, हे सांगायला नको. अक्कलकुवा तालुक्यातलं, नर्मदेच्या काठचं, सरदार सरोवराच्या भिंतीला सर्वांत जवळ असलेलं आपल्या राज्यातलं गाव. महाराष्ट्रात बुडिताचं पाणी सगळ्यांत आधी शिरलं ते याच गावात. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला वसवली गेली, काही वरच्या टेकड्यांवर सरकली आणि तिथंच राहिली. १९९४ साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेनं पैसा देऊ नये, अशी मागणी करणारं जे निवेदन ४४ देशांतल्या संघटनांनी सह्या करून काढलं, त्याला नाव दिलं गेलं ‘मणिबेली जाहीरनामा’. एवढ्याशा पाड्यांच्या गावाचं नाव जगभर गेलं. त्याच गावातल्या एका मुलाचं नाव मी मात्र या कागदावर चुकीच्या रकान्यात लिहून ठेवलं.

तेव्हा मी चाचण्या घेण्याच्या कामात नवी होते. एका वसतिगृहातून निरोप आला की एक मुलगा काहीच बोलत नाही, शिकवलेलं डोक्यात जात नाही, जरा तपासून द्या. पडवीत सतरंजी टाकून मी त्याची चाचणी घेतली. चाचणी मराठीतली. दुभाषी म्हणून तिथल्या स्वयंपाकीण मावशी, त्याही भाकरी थापता थापता उठून यायच्या. मूळ प्रश्न मी इथे सांगणार नाही, ते उघड करायचे नसतात. पण प्रकार सांगते. एका प्रकारात चित्र दाखवायचं आणि त्यात काय राहून गेलंय ते मुलानं ओळखायचं. मी एका वस्तूचं चित्र पुढे केलं. तिचा एक भाग काढलाच नव्हता. मुलगा खूप वेळ बघत राहिला आणि मावशींच्या कानात काहीतरी बोलला. मावशी म्हणाल्या, “तो म्हणतोय, हे चालवणारा माणूस कुठंय?” उत्तरांच्या यादीत माणूस नव्हता. मी शून्य मांडलं.

पुढचा प्रश्न. दोन गोष्टींत सारखं काय? मुलगा गप्प. तिसरा. गप्प. मग एकदा मान वर करून त्यानं मलाच विचारलं. मावशींनी सांगितलं, “तो विचारतोय, तुला माहीत आहे ना? मग मला का विचारतेस?” मी ते ‘असहकार’ म्हणून टिपलं. शेवटी बेरीज केली, तक्ता पाहिला, आणि निष्कर्ष लिहिला : सौम्य मतिमंद. सही केली. तारीख घातली. आठवड्याभरात मुलगा गावी परत पाठवला गेला.

या कागदावर मी सतरा वेळा शून्य लिहिलंय. मला आज तुमच्याशी या शून्यांबद्दल बोलायचंय. शून्य म्हणजे काय? मुलाला ते आलं नाही, असा त्याचा अर्थ आपण घेतो. पण मी त्याला विचारलंच नसेल तर? त्याच्या कानापर्यंत, त्याच्या अर्थापर्यंत पोचेल असं विचारलंच नसेल, तर त्या रकान्यात काय लिहायचं? तेही शून्यच? मुलाला आलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी गेली शंभर वर्षं आपण एकाच आकड्यानं लिहीत आलो आहोत.

थोडं मागे जाऊ. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं आली. काही मागे पडू लागली. १९०४ साली सरकारनं एक समिती नेमली, तीत आल्फ्रेड बिने होते. कोणत्या मुलाला जास्तीचं शिक्षण लागेल हे शिक्षकाच्या मर्जीवर किंवा रागावर ठरू नये, एवढाच हेतू. १९०५ मध्ये बिने आणि सिमाँ यांनी ३० छोट्या कृतींची श्रेणी तयार केली. जळती काडी मुलासमोर फिरवायची आणि नजर तिच्यामागे जाते का पाहायचं, इथपासून ती सुरू होते. बिनेंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. एक, हा आकडा म्हणजे मुलाची उंची नव्हे, तो बदलतो. दुसरी, मागे पडलेल्या मुलासाठी वेगळा वर्ग, वेगळा व्यायाम, वेगळी शिकवणी हवी. लक्ष कसं द्यायचं, स्थिर कसं बसायचं याच्या कृती त्यांनी स्वतः बसवल्या होत्या. बुद्धी जन्मतः ठरते आणि पुढे वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर ते १९०९ च्या पुस्तकात अक्षरशः चिडले आहेत.

१९११ साली बिने गेले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयानं भागायची कल्पना मांडली. १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी त्याला शंभरानं गुणलं आणि बुद्ध्यंक जन्माला आला. मुलाला काय द्यायचं हे ठरवण्यासाठी केलेली वस्तू मूल काय आहे हे ठरवू लागली. पुढं काय काय झालं ते मी भराभर सांगते : बोटीतून उतरणाऱ्या परदेशी माणसांना भाषा न कळता चाचण्या लावल्या गेल्या, कृष्णवर्णीय मुलं मंदबुद्धी वर्गांत भरली गेली, इतकी की १९७९ साली कॅलिफोर्नियात न्यायालयाला त्या कामासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरायला मनाई करावी लागली. तो इतिहास अमेरिकेचा. आपला काय?

आपला इतिहास आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही, आणि तो अभिमानाचा आहे. धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणी कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवली. १९४० साली त्यांचं पुस्तक आलं. नागपुरात ए. जे. मालिन यांनी वेक्स्लरची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी उतरवली. सहा शाब्दिक उपचाचण्या, पाच कृतीच्या. ती आजही राज्यभरच्या दवाखान्यांत रोज वापरली जाते. आपल्या मणिबेलीहून नर्मदा ओलांडून पुढं गेलं की बडोदा. तिथल्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी माणसाचं चित्र काढायची चाचणी भारतीय मुलांवर प्रमाणित केली आणि तान्ह्या बाळांच्या वाढीची मोजपट्टी तयार केली. तिची पुढची सुधारणा पुण्यात झाली. पुण्यातच अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनी काढली. हुशार मूल शोधायचं आणि त्याची बुद्धी समाजाच्या कामी लावायची, ही त्यामागची ओढ होती. उषाताई खिरे यांनी तिथं बुद्धीच्या अनेक पैलूंवर वर्षानुवर्षं काम केलं. ही माणसं कष्टाळू होती, प्रामाणिक होती. परदेशी चित्रातली छत्री, नाणं, फळ बदलून त्यांनी आपली वस्तू घातली, शेकडो मुलांसमोर बसून आकडे पुन्हा बांधले.

पण कुठली मुलं? धारवाडची, नागपूरची, बडोद्याची, पुण्याची. शाळेत येणारी. सातपुड्याच्या चौथ्या-पाचव्या रांगेतलं मूल त्या नमुन्यात नव्हतं. मग त्याला मोजायची पट्टी कुणाची?

इथं जरा थांबते, कारण माणसाचं चित्र काढण्याच्या चाचणीची हकिकत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. फ्लोरेन्स गुडइनफ या बाईंनी १९२६ मध्ये ती काढली. मुलानं कोऱ्या कागदावर माणूस काढायचा. डोळे, बोटं, मान, कपडे, जे जे दाखवलं त्याला गुण. भाषा लागत नाही, शाळा लागत नाही, तेव्हा ही चाचणी जगातल्या कुठल्याही मुलाला चालेल असं त्यांना वाटलं. मग १९४२ साली वेन डेनिस यांनी अमेरिकेतल्या होपी आदिवासी मुलांवर ती केली. मुलग्यांचे गुण गोऱ्या मुलांपेक्षा वर गेले आणि होपी मुलींचे त्यांच्याच समाजातल्या मुलग्यांपेक्षा बरेच खाली आले. का? त्या समाजात चित्र काढणं पुरुषांचं काम होतं. मुलगे लहानपणापासून ते बघत होते, करत होते. समाज तोच. बदललं होतं ते हाताचं वळण. १९५० मध्ये गुडइनफबाईंनी एका सहकाऱ्याबरोबर लिहून टाकलं की संस्कृतीपासून मुक्त अशी चाचणी शोधणं हा भ्रम आहे, आणि हा भ्रम पूर्वी आपणही बाळगला होता. स्वतःच्या हयातीत, स्वतःच्याच चाचणीबद्दल! माझ्या क्षेत्रात याहून मोठं धैर्य मी वाचलेलं नाही.

आता आपल्याकडे या. मी तीन साध्या गोष्टींकडे लक्ष वेधते. तीनही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

पहिली गोष्ट : १ जून. तुमच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख किती वेळा येते? सांगा. निम्मा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला असतो की नाही? आईला आठवतं ते एवढंच, की होळीनंतर झाला, महू वेचायच्या दिवसांत झाला, धाकट्या दिराच्या लग्नाच्या वर्षी झाला. गुरुजी अंदाजानं वर्ष धरतात आणि १ जून लिहितात. आता गणित बघा. मुलाचं मानसिक वय आलं सात. कागदावरचं वय आठ. सात भागिले आठ गुणिले शंभर : साडेसत्त्याऐंशी. पण मूल खरं तर सातच वर्षांचं असेल तर? शंभर! साडेबारा गुणांची दरी, आणि ती मुलाच्या मेंदूत कुठंच नाही, रजिस्टरात आहे. माझ्या या कागदावर वयाच्या रकान्यात ‘अंदाजे १०’ असं लिहिलंय. अंदाजे! आणि त्या अंदाजानं भागून मी दोन अंकी निष्कर्ष काढला.

दुसरी गोष्ट : भाषा. मणिबेलीच्या परिसरात घरात भिलोरी, वसावी. वर धडगावकडे पावरी. या बोलींत मोठ्यांनाही ‘तू’च म्हणतात. बापाला तू, पाहुण्याला तू, कलेक्टर आला तरी तू. त्यात अनादर नसतो, तो आपलेपणा असतो. शहरातून आलेल्या शिक्षकाला पहिल्या दिवशी तो उद्धटपणा वाटतो आणि मूल पहिल्याच दिवशी रागाच्या खात्यात जमा होतं. मग ते बोलणंच बंद करतं. माझ्यासमोर बसलेला तो मुलगा मला ‘तुला माहीत आहे ना’ म्हणाला, त्याबद्दल मी नंतर खूप विचार केला. तो बरोबर होता. त्याच्या पाड्यात माणूस प्रश्न विचारतो तो उत्तर हवं असतं म्हणून. बैल कुठं गेला? पाणी किती चढलं? उत्तर माहीत असताना विचारायचं, ही फक्त शाळेची रीत आहे. शहरातल्या मुलाला आई मांडीवर घेऊन दीड वर्षाचा असल्यापासून ती शिकवते : काऊ कुठंय? नाक कुठंय? तिला दिसत असतं नाक कुठं आहे ते! तरी ती विचारते, आणि मूल खेळ ओळखतं. हा खेळ ज्यानं कधी खेळला नाही, त्याला तो न सांगता आपण त्यात हरवलं.

तिसरी गोष्ट : संख्यांची नावं. २०१९ चा जून आठवतो ना? दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीनं पंचवीसबरोबर ‘वीस पाच’ असं वाचायला सुचवलं आणि राज्यभर गदारोळ झाला. विधानसभेपर्यंत गेला. मंगला नारळीकर तेव्हा गणिताच्या अभ्यासमंडळाच्या प्रमुख होत्या. त्या शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होत्या की मूल लिहिताना आधी दोन लिहितं आणि बोलताना आधी पाच म्हणतं, शिवाय त्र्याहत्तरसारखे जोडाक्षरांचे शब्द आहेतच. हा अडथळा काढून बघू या. ज्यांची घरची भाषा मराठी आहे त्यांनाच एकोणसाठ म्हणजे साठाच्या अलीकडचा की पलीकडचा हे चाचपडत शिकावं लागतं. मग ज्याच्या घरी आजी विसाविसानं मोजते त्याचं काय? आपल्याकडेही कोडी होती, विसा होता. बाजारात केळी, कोंबड्या, गोवऱ्या तशाच मोजल्या जायच्या. ‘तीन विसा आणि सात’ म्हणणारं मूल सदुसष्ट या शब्दापाशी अडखळलं, तर अडखळलं काय? संख्या की शब्द? मला वाटतं, नारळीकरबाईंचं म्हणणं या जिल्ह्यानं तरी मनावर घ्यायला हवं होतं. बाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांच्या त्या साध्या सुचवणीची आठवण आज या सभागृहात काढल्याशिवाय मला राहवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, भाषा बदलली की प्रश्न सुटला. भाषांतर करून घेऊ. नाही, मंडळी. तेवढ्यानं सुटत नाही.

१९३१ आणि ३२ च्या उन्हाळ्यात अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानात गेले. शेतकऱ्यांना त्यांच्याच भाषेत विचारलं : दूर उत्तरेला, जिथं बर्फ आहे, तिथं सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक एक गाव उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? माणसं सांगत, मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलं नाही. जे पाहिलं नाही त्याबद्दल मी कसं बोलू? तर्कशास्त्राच्या पेपरात हे शून्य. पण आपण आपल्या मुलांना काय शिकवतो? न पाहिलेलं सांगू नकोस. ऐकीव गोष्टीवर साक्ष देऊ नकोस. ज्यांच्या जमिनीबद्दल दुसऱ्यांनी ऐकीव नोंदी केल्या, घरं मोजली, कुणाचं बुडणार आणि कुणाचं नाही हे कागदावर ठरवलं, त्या मणिबेलीच्या माणसांना तर या उत्तराची किंमत जास्त ठाऊक आहे. लुरियांनीच हेही दाखवलं की थोडीशी शाळा शिकलेली माणसं हे कोडं सहज सोडवत. म्हणजे ‘समजा की’ असं धरून विचार करणं ही शिकायची सवय आहे. शिकवली की येते.

आणि उलटही आहे. मोलगीच्या बाजारात जा. आईशेजारी बसलेली, भगर आणि आमचूर विकणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी बघा. अडीच किलोचे किती, पन्नासातून परत किती, व्यापाऱ्यानं काटा मारला का, सगळं डोक्यात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ साली असाच अभ्यास झाला. रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांनी गिऱ्हाइकाला दिलेले हिशेब शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर होते. तीच बेरीज, तोच गुणाकार कागदावर नुसत्या आकड्यांत दिला तेव्हा शंभरात सदतीस. २०२५ साली कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थतज्ज्ञ त्याच्या लेखकांत आहेत. बाजारातली मुलं अवघड व्यवहार तोंडी करत होती, पुस्तकातलं सोपं गणित त्यांना जमत नव्हतं. आणि शाळेतली मुलं? ती पुस्तकातलं करत होती, बाजारातल्या साध्या व्यवहारात अडत होती. दोन्ही बाजूंचं शिक्षण अर्धं. मग ‘गणिती क्षमता’ या नावाचा एक आकडा कोणाच्या नावापुढं लिहायचा?

इथं शिक्षकांसाठी एक गोष्ट बाजूला सांगते. शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असा विषयच आहे. शहरात त्याची जाड जाड मार्गदर्शक पुस्तकं मिळतात, वर्ग असतात, मुलं वर्षभर आकृत्या आणि संख्यामालिका सोडवतात. सराव करण्यात वाईट काहीच नाही. उलट माझं म्हणणं आहे की धडगाव-अक्कलकुव्याच्या प्रत्येक शाळेत ती पुस्तकं असावीत. पण सरावानं वाढणाऱ्या गोष्टीला बुद्धिमत्ता म्हणायचं आणि सराव न मिळालेल्या मुलाला ती कमी आहे असं म्हणायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

आता मी तुम्हाला थोडं अडचणीत टाकणार आहे. इतका वेळ मी बोलले त्यावरून कुणाला वाटेल की चाचण्या फेकून द्याव्यात. मी तसं म्हणत नाही. मुळीच म्हणत नाही.

सातपुड्यात अशीही मुलं आहेत ज्यांना खरोखर मदत हवी आहे. ज्याला ऐकू कमी येतं आणि ते चौथीपर्यंत कुणाला कळत नाही. जन्मताना श्वास अडकला म्हणून जे उशिरा चाललं, उशिरा बोललं. ज्याला शिकवूनही अक्षरं वाचता येत नाहीत. ही मुलं चाचणीअभावी सुटत नाहीत, ती हरवतात. गावात त्यांना एक शब्द चिकटतो आणि ती गुरांमागे जातात. मुंबईत शीवच्या, केईएमच्या रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळतो, बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यानं ही अक्षमता मान्य केली आहे. पण मुलाच्या घरच्या भाषेत तपासल्याशिवाय हा दाखला देऊ नये. कारण वाचता न येणं आणि ती भाषाच न येणं, यांतला फरक कळणार कसा? २०१५ साली राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांत वाचनाच्या अडचणी ओळखायची साधनं आणली. हिंदी, मराठी, कानडी, इंग्रजी. मराठी आली याचा मला खूप आनंद झाला. त्या चारांत भिलोरी नव्हती, पावरी नव्हती.

आणि भूक. नंदुरबारात उभं राहून बुद्धीबद्दल बोलायचं आणि कुपोषणाबद्दल गप्प बसायचं हे पाप आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत पोटाला मिळालं नाही, रक्तात लोह नसलं, तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. हे संस्कृतीच्या पांघरुणाखाली झाकू नका. पण तो परिणाम म्हणजे कायमचा शिक्का आहे का? जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८०च्या दशकात खुरटलेली १२९ बाळं घेतली. त्यांतल्या काहींच्या घरी एक साधी आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जायची, घरीच केलेली खेळणी घेऊन, आणि आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायची. दोन वर्षं. वाढीच्या चाचणीत ती बाळं पुढे गेली. वीस वर्षांनी तीच मुलं तरुण झाली तेव्हा त्यांची कमाई इतरांहून चतुर्थांशानं जास्त होती. आठवड्यातून एक तास! ही सेविका म्हणजे कोण? आपली अंगणवाडीताई. तिच्या डोक्यावरची रजिस्टरं थोडी कमी केली तर तो तास तिला सापडेल. आणि हे सगळं कळलं कसं? बाळांची चाचणी नीट घेतली होती म्हणून. चाचणी नसती तर त्या तासाची किंमत कुणाला पटली नसती.

म्हणून चाचणी हवी. कशी हवी, तेवढं सांगते आणि थांबते.

तारा मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम करू लागल्या, पुढं कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी मुलांना ‘अनुत्सुक’ असा शेरा दिला नाही. मुलं गुरं राखायला जात होती, म्हणून बाई कुरणात गेल्या. कुरणशाळा! नर्मदाकाठी १९९० नंतर जीवनशाळा सुरू झाल्या, मणिबेलीतही. तिथं पाड्यातलेच तरुण शिक्षक झाले, मुलांच्या बोलीत पुस्तिका निघाल्या, आणि तीच मुलं पुढं सरकारी परीक्षेला बसून पास झाली. धरण, आंदोलन, पुनर्वसन यांबद्दल या सभागृहात दोन मतं असतील. पण मूल जिथं आहे तिथं शाळेनं जायचं, या एका बाबतीत मला दोन मतं दिसत नाहीत. चाचणीनंही तिथंच जायचं.

‘प्रथम’ या संस्थेनं २००५ साली गावोगाव घराच्या ओट्यावर बसून वाचनाची तपासणी सुरू केली. एक कागद : अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल कुठपर्यंत पोचलंय ते बघायचं आणि तिथून पुढं शिकवायचं, इयत्ता बाजूला ठेवून. मूल हुशार की मठ्ठ, हा प्रश्नच त्यात नाही. बिनेंना ही तपासणी आवडली असती असं मला वाटतं. आणखी एक रीत आहे. इस्रायलमध्ये रूव्हेन फॉयरश्टाइन यांच्यापुढं मोरोक्कोसारख्या देशांतून आलेली स्थलांतरित मुलं होती, चाचणीत मंद ठरलेली. त्यांनी मध्ये शिकवायला सुरुवात केली. आधी प्रश्न, मग थोडी शिकवणी, मग पुन्हा तसाच प्रश्न. मूल किती उरकतं याऐवजी ते शिकवल्यावर किती पुढं येतं, हे मोजायचं. मला हे आधी माहीत असतं तर पडवीतल्या त्या मुलाला मी म्हटलं असतं, “हा एक खेळ आहे. मला उत्तर माहीत आहे, तरी मी विचारणार. चल, आधी तू मला विचार.” आणि मावशींना चुलीवरून उठवण्याऐवजी मुलाचा थोरला भाऊ किंवा आत्या येईपर्यंत दोन दिवस थांबले असते.

परवा हे व्याख्यान लिहिताना मी कोरी नोंदपत्रिका मागवली. नवी छपाई आहे. नाव, वय, इयत्ता, शाळा, उपचाचण्यांचे रकाने, बेरीज, निष्कर्ष, सही. मूल घरात कोणती भाषा बोलतं याला रकाना नाही. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, दुभाषी कोण होता, जन्मतारीख खरी की १ जूनची, यालाही नाही. आणि प्रत्येक प्रश्नापुढं दोनच पर्याय आहेत, गुण किंवा शून्य. मी पट्टी घेऊन त्यात हे रकाने आखले आहेत, आणि प्रत्येक प्रश्नापुढं तिसरं एक घर : ‘विचारता आलं नाही’. त्या घरात खूण आली तर तो प्रश्न बेरजेत धरायचा नाही, आणि अशा खुणा पाचाच्या वर गेल्या तर निष्कर्षाच्या जागी काहीही लिहायचं नाही, सही करायची नाही, पुन्हा जायचं.

त्याच्या शंभर प्रती बाहेर दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. काठावरच्या शाळांतून आलेल्यांनी आधी घ्या.